पाच गोळ्यांचं घराणं

१९५० साली अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्प्रिंग्ज इथे पोलीसप्रमुखांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचं अधिवेशन भरलं होतं. स्मिथ अँड वेसन कंपनीने तिथे एक नवं, खिशात मावणारं रिव्हॉल्व्हर मांडलं. त्याचं नाव जमलेल्या प्रमुखांनीच मतदानाने ठरवलं: ‘चीफ्स स्पेशल’. १९५७ पासून कंपनीने आपल्या हत्यारांना क्रमांक द्यायला सुरुवात केली, तेव्हा ते ‘मॉडेल ३६’ झालं. स्वसंरक्षणासाठी अंगावर बाळगायच्या छोट्या रिव्हॉल्व्हरचा विषय अमेरिकेत निघाला, की आजही बोलणं याच घराण्यापाशी येतं.

कंपनीचा त्याआधीचा लहान सांगाडा ‘आय’ नावाचा होता. तो .३२च्या काडतुसासाठी बेतलेला. पोलिसांच्या हाती मात्र तोवर .३८ स्पेशल रुळलं होतं आणि ते काडतूस त्या सांगाड्यात मावत नव्हतं. म्हणून सांगाडा थोडा वाढवला आणि त्याला ‘जे’ म्हटलं. कोल्टचं ‘डिटेक्टिव्ह स्पेशल’ १९२७ पासून बाजारात होतं आणि त्यात सहा गोळ्या बसत. स्मिथ अँड वेसनने एक गोळी सोडून दिली. रिव्हॉल्व्हरचा सर्वांत जाड भाग म्हणजे सिलिंडर आणि कपड्यांतून फुगवटा दिसतो तो त्याचाच. पाच गोळ्यांचा सिलिंडर तेवढाच बारीक झाला.

अवघड गोष्ट पुढेच आहे. घोडा आधी मागे न ओढता नुसता चाप दाबला, तर त्या एकाच दाबात सिलिंडर फिरतो, घोडा मागे जातो आणि सुटतो. यासाठी बोटाला साधारण पाच किलोचा जोर लागतो. पोलादी मॉडेल ३६चं स्वतःचं वजन जेमतेम साडेपाचशे ग्रॅम. वस्तूच्या वजनाच्या नऊ-दहा पट जोर एकाच बोटाने लावायचा आणि तेवढ्यात नळी जराही हलू द्यायची नाही, हे सोपं नाही. त्यात नळी दोन इंचांची. टोकाची माशी आणि सांगाड्यावरची खाच यांत अंतर इतकं थोडं, की नेम धरतानाची केसभर चूक दहा-बारा पावलांवर अनेक पटींनी वाढते. छोटं रिव्हॉल्व्हर नवशिक्यासाठी, ही समजूत म्हणूनच मला घातक वाटते. ते मुरलेल्या हाताचं हत्यार आहे.

वजन कमी करण्याच्या हौसेने तर गोष्ट आणखी बिघडते. पन्नाशीच्या दशकात ‘एअरवेट’ आलं. त्यात सांगाडा ॲल्युमिनियमच्या मिश्रधातूचा होता आणि सुरुवातीला सिलिंडरही. ते सिलिंडर स्फोटाचा दाब पेलण्यात कमी पडले, म्हणून लवकरच पुन्हा पोलादी झाले. आजचं एअरवेट सव्वाचारशे ग्रॅमच्या आसपास भरतं. त्याहून हलकं, स्कँडियम मिसळलेल्या धातूचं ‘३४० पीडी’ साडेतीनशे ग्रॅमच्याही आत आहे आणि त्यात .३५७ मॅग्नम चालतं. गोळीचा जोर जास्त आणि मागे रेटायला वजन कमी, म्हणजे सगळा धक्का तळहाताने सोसायचा. या धक्क्याने सिलिंडरमधल्या न उडालेल्या काडतुसांची गोळी पुढे सरकते आणि सिलिंडर अडकू शकतो. शिवाय फार हलक्या गोळीच्या मॅग्नमने टायटॅनियमचा सिलिंडर लवकर झिजू शकतो, म्हणून ते या मॉडेलमध्ये वापरू नये, अशी सूचना कंपनीने नळीवरच कोरली आहे. दिवसभर बाळगायला सुखाचं आणि दहा गोळ्यांनंतर हात दुखवणारं हत्यार मालक सरावाला काढत नाही. सराव नसेल तर ते बाळगण्यात अर्थ उरत नाही. स्त्रियांना हलकंच घ्या असं सांगणाऱ्या दुकानदारांचा मला राग येतो. सर्वांत जास्त लाथ मारणारं हत्यार ते त्यांच्या हाती देत असतात.

घोड्याची बाब मात्र कंपनीने सुरेख सोडवली. खिशातून काढताना घोड्याचं टोक कापडात अडकतं. कंपनीच्या शताब्दीला, १९५२ साली, ‘सेंटेनिअल’ आलं. त्यात घोडा पूर्णपणे आत झाकलेला होता. घोडा ओढून हलक्या चापाने नेम धरायची सोय गेली, पण संकटात ती वापरायला कुणाला सवड असते? निवड माझ्यावर आली तर झाकलेल्या घोड्याचं घेईन. शक्य असेल तर पोलादी, त्यात .३८ स्पेशलच, आणि मूठ अशी की करंगळीलाही आधार मिळेल. चाप झाकणारं म्यान हवंच. त्या खिशात किल्ल्या, नाणी काहीच नको. अंगावर नसेल तेव्हा ते कुलूपबंद, मुलांच्या हाती लागणार नाही असं ठेवायचं. यात सवलत नाही.

भारतात ही निवड फारच आखूड होते. १९५९च्या शस्त्र कायद्याखाली परवाना लागतो आणि २०१९च्या दुरुस्तीनंतर एका व्यक्तीला दोनच हत्यारं ठेवता येतात. परवानाधारकाच्या हाती बहुधा .३२चं रिव्हॉल्व्हर येतं. त्याचं काडतूस तेच, ज्यासाठी तो जुना ‘आय’ सांगाडा बनला होता. आपल्या खडकीच्या कारखान्यातही ते तयार होत आलं आहे. जानेवारी २०१४मध्ये कानपूरच्या सरकारी कारखान्याने ‘निर्भीक’ आणलं. टायटॅनियम मिश्रधातूचं, सुमारे पाचशे ग्रॅमचं, खास महिलांसाठी म्हणून. डिसेंबर २०१२च्या दिल्लीतल्या अत्याचाराची आठवण त्या नावात होती. किंमत होती १,२२,३६० रुपये. ज्या मुली रात्रीच्या बसने घरी परततात, त्यांच्यातल्या किती जणींना हे परवडणार होतं? .३२चा धक्का सौम्य असतो, पाचशे ग्रॅमला तो सहज पेलतो, तेव्हा हत्यार म्हणून त्याला नावं ठेवायचं कारण नाही. अडचण सरावाची आहे. काडतुसांवर परवान्यातच मर्यादा असते आणि गोळीबाराच्या सरावाची जागा बहुतेक तालुक्यांत नसते. ज्याला परवाना हवा, त्याने अर्जाआधी आपल्या जिल्ह्यातला रायफल क्लब गाठावा आणि तिथल्या प्रशिक्षकाच्या हाताखाली चाप सरळ, सावकाश दाबायला शिकावं.