शेतात कॅरव्हॅन मुक्कामाला येणार? आधी पाणी आणि सांडपाण्याची सोय बघा

राज्यात २०२० मध्ये कृषी पर्यटनाचं आणि २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचं धोरण आलं. कॅरव्हॅन म्हणजे चाकावरचं घर. झोपायला बेड, छोटं किचन, बेसिन, संडास सगळं गाडीतच. शेतात गाडी उभी करायला जागा दिली की शेतकऱ्याला चार पैसे मिळतात. पण गाडी सकाळी निघून जाते आणि घाण मागे राहिली तर ती आपल्याच विहिरीत उतरते. म्हणून जागा देण्याआधी गाडीतल्या पाण्याची व्यवस्था समजून घेतलेली बरी.

गाडीत साधारण तीन टाक्या असतात. एक चांगल्या पाण्याची, दुसरी बेसिन आणि अंघोळीच्या सांडपाण्याची, तिसरी संडासाची.

चांगलं पाणी

टाकी भरायला वेगळा, स्वच्छ पाइप ठेवा. फवारणीच्या पंपाचा किंवा औषध कालवायच्या टाकीचा पाइप चुकूनही वापरू नका. पाइपाचं तोंड मातीत पडू देऊ नका. बोअरचं पाणी क्षारयुक्त असेल तर पाहुण्यांना आधीच सांगा.

गाडी बरेच दिवस उभी राहिली की टाकीतलं पाणी शिळं होतं, आत शेवाळी थर धरतो. असं पाणी सोडून द्यायचं आणि टाकी धुवायची. ग्रामपंचायत विहिरीत टाकते तीच टीसीएल पावडर इथेही चालते. १०० लिटरच्या टाकीला साधारण २० ग्रॅम ताजी पावडर प्लास्टिकच्या बादलीत कालवा, गाळ खाली बसू द्या आणि फक्त वरची निवळी टाकीत ओता. टाकी पाण्याने भरा. प्रत्येक नळ उघडून क्लोरीनचा वास आला की बंद करा. चार तास तसंच ठेवून सगळं पाणी सोडा. नंतर वास जाईपर्यंत साध्या पाण्याने दोन-तीन वेळा धुवा. हे पाणी पिऊ नका, पिकालाही देऊ नका.

सांडपाणी

यात साबण, तेल, खरकटं असतं. उन्हाळ्यात दोन दिवसांत त्याला वास सुटतो, म्हणून टाकी रोज रिकामी केलेली चांगली. बेसिनला जाळी असेल तर निम्मी घाण वरच अडते. हे पाणी ओढ्यात किंवा रस्त्याच्या कडेला सोडू देऊ नका. शोषखड्ड्यात सोडा, नाहीतर केळी-नारळाच्या आळ्यात. कोथिंबीर, मेथी, काकडी अशा कच्च्या खायच्या भाजीला नको. शोषखड्डा विहीर-बोअरपासून किमान ५० फूट लांब आणि उताराच्या खालच्या अंगाला हवा.

संडासाची टाकी

बऱ्याच गाड्यांत संडासाखाली बाहेर ओढून काढता येणारा १५ ते २० लिटरचा डबा असतो. तो फक्त संडासाच्या भांड्यात, सावकाश रिकामा करायचा. हातमोजे घालायचे, डबा धुऊन ते पाणीही तिथेच ओतायचं आणि हात साबणाने धुवायचे.

वास येऊ नये म्हणून पाहुणे डब्यात औषध टाकतात. त्यातल्या काही औषधांत फॉर्मॅलिन असतं. ते घाण कुजवणारे जंतूच मारतं. आपली सेफ्टी टाकी, दोन खड्ड्यांचा संडास किंवा गोबरगॅस चालतो तो याच जंतूंवर. म्हणून औषध कोणतं ते आधी विचारा. फॉर्मॅलिनचं असेल तर डबा आपल्याकडे रिकामा करू देऊ नका.

संडास धुवायचं अॅसिड आणि टीसीएल कधीच एकत्र करू नका, विषारी वायू तयार होतो. सेफ्टी टाकीचं झाकण काढून आत वाकायचं किंवा उतरायचं तर अजिबात नाही. आतल्या वायूने माणूस जागीच जातो.

ठरवताना बोला

पाहुण्यांचा फोन आला की भाड्याआधी तीन गोष्टी विचारा. सांडपाण्याची टाकी किती लिटरची? संडासाचा डबा कुठे रिकामा करणार? त्यात औषध कोणतं? उत्तर पटलं नाही तर नकार द्या. एका रात्रीचं भाडं बुडालं तर चालेल, पण वस्ती ज्या विहिरीचं पाणी पिते ती नासली तर पुन्हा साफ व्हायला फार वेळ लागतो.