चिमणराव आणि आमची मुलाखत

यंदा आमच्या विभागाच्या प्रमुखाची जागा रिकामी झाली आणि ती माझ्याहून सात वर्षांनी धाकट्या गृहस्थाला मिळाली. घरी आलो तो पानावर बसलोच नाही. "डोकं दुखतंय," म्हणालो. सौभाग्यवतीने अमृतांजनची बाटली आणि कपाटातले चिं. वि. जोश्यांचे एक जुने पुस्तक अशी दोन्ही औषधे उशाशी आणून ठेवली नि ती मुकाट्याने स्वयंपाकघरात गेली.

चिमणरावांची ओळख मराठी घरांना करून द्यायला नको. किडकिडीत बांधा, भित्रा स्वभाव आणि भोवती काऊ, मोरू, मैना नि धिप्पाड गुंड्याभाऊ. वीस वर्षे मी हे वर्गात शिकवीत आलो आहे. विसंगती, अतिशयोक्ती, प्रसंगनिष्ठ विनोद, असे फळ्यावर तीन रकाने आखून! (पोरे बिचारी उतरून घेतात.) त्या रात्री रकाने आठवले नाहीत. गोष्टीत फजीत होणारे चिमणराव आणि ती गोष्ट सांगणारे चिमणराव ही दोन माणसे आहेत, एवढे मात्र दिसले. एक घाम पुसतो आहे, दुसरा सुपारी कातरीत त्याच्याकडे पाहतो आहे. मधल्या काळात राग सगळा निथळून गेलेला. दोष द्यायचाच झाला तर बोट स्वतःकडे.

चिं. वि. (१८९२–१९६३) बडोद्याच्या कॉलेजात पाली शिकवीत. त्यांनी संपादिलेला 'सद्धम्मप्पकासिनी' हा पाली टीकाग्रंथ लंडनच्या पाली टेक्स्ट सोसायटीने १९३३ ते १९४७ या काळात तीन खंडांत काढला. म्हणजे चिमणराव महाराष्ट्राला हसवीत होते तेव्हा त्यांचे जनक बौद्ध पोथ्यांतले पाठभेद जुळवीत बसले होते, आणि त्या धर्मात तर 'मी' आणि 'माझे' यांचीच झडती! म्हणून चिमणरावांत कोणी बुद्ध शोधू नये. चिमणराव 'मी'ला सोडीत नाहीत. त्याला फारसा मान देत नाहीत, इतकेच.

मध्यरात्री मला मोठ्याने हसू आले. ही जागीच होती.

"भात गरम करू?"

भात खाता खाता मी तिला मुलाखतीची हकीकत पहिल्यापासून सांगितली. ऐटीत बांधलेल्या टायचे टोक परीक्षकांसमोरच्या चहात बुडाले होते, हे तिला तोवर ठाऊक नव्हते.