टेबलाची खालची बाजू

जुनं गोल टेबल विकत घ्यायला निघालात तर खिशात मापाची टेप असू द्या. टेबलाचा व्यास एकदा लाकडाच्या रेषांच्या दिशेनं मोजा आणि एकदा त्यांना आडवा. दोन्ही मापं तंतोतंत सारखी आली तर जरा सावध व्हा. आडवं माप दोन-चार मिलिमीटरनं कमी भरलं तर मनातल्या मनात खूश व्हा, पण चेहऱ्यावर काही दिसू देऊ नका. दुकानदार समोरच उभा असतो.

अखंड फळ्यांचं जुनं गोल टेबल गोल राहत नाही. सुतारानं ते गोलच कापलेलं असतं, पण नंतरच्या वर्षांत लाकूड आपलं आपण त्याचा अंडाकार करतं. लाकडात पेशींच्या बारीक लांब नळ्या खोडाच्या दिशेनं रचलेल्या असतात आणि त्या नळ्यांच्या भिंतींत पाणी मुरलेलं असतं. ते पाणी जसजसं जातं तसतशा भिंती बारीक होतात, त्यामुळे लाकूड रुंदीत आक्रसतं. लांबीत मात्र ते जवळजवळ हलत नाही, हजारात एखाद-दुसरा भाग, बस. सागवान हे या बाबतीत फार शहाणं लाकूड. तेसुद्धा ओल्यापासून पूर्ण सुकेपर्यंत वाढीच्या वलयांच्या दिशेनं पाच-सहा टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे त्याच्या निम्म्याहून कमी आक्रसतं. सुतार अर्थातच सुकवलेलं लाकूड घेतो. पण पुरतं सुकलेलं लाकूड ही कल्पनाच आहे. दर पावसाळ्यात ते हवेतून पाणी घेतं, दर उन्हाळ्यात सोडतं, आणि या येरझाऱ्यांत वर्षानुवर्षं थोडं थोडं अंग चोरत जातं.

हा नियम एकदा कळला की जुन्या फर्निचरच्या दुकानात वेळ कसा जातो कळत नाही. कातीव पायांवरून बोटं फिरवा, तेही एका बाजूनं किंचित चपटे लागतात. सांध्यात ठोकलेल्या लाकडी खुंट्या पृष्ठभागाच्या केसभर वर आलेल्या असतात, कारण भोवतालची फळी आक्रसली आणि खुंटी आपल्या लांबीत तशीच राहिली. कपाटाच्या दारातला दिलहा, म्हणजे चौकटीच्या आतली फळी, जुन्या सुतारानं कधी सरसानं चिकटवला नाही. चौकटीच्या खाचेत तो मोकळा सोडला, हवं तेव्हा फुगायला आणि हवं तेव्हा आक्रसायला. म्हणूनच ऐन मे महिन्यात अशा दाराच्या कडेला पॉलिश न लागलेल्या कोऱ्या लाकडाची एक बारीक पट्टी दिसते. पॉलिश झालं तेव्हा ती खाचेत लपलेली होती. प्लायवूड किंवा एमडीएफच्या टेबलाला यातलं काही होत नाही. जन्मलं तसं गोल ते शेवटपर्यंत राहतं.

मुंबईत हे सगळं करून बघायला भेंडी बाजाराजवळच्या चोर बाजारातली मटन स्ट्रीट आहे आणि उपनगरात जोगेश्वरी-ओशिवऱ्याकडची जुन्या फर्निचरची दुकानं आणि गोदामं आहेत. पुण्यात मंगळवार पेठेतला जुना बाजार आहे. या ठिकाणी वस्तूची किंमत ठरते ती तिच्या दर्शनी बाजूवरून. कोरीव काम, आरसा, पितळी कड्या, चकाकी. माहिती मात्र सगळी मागे आणि खाली असते, कारण तिथे कुणी पॉलिशवर खर्च केलेला नसतो आणि कुणी काही लपवायचे कष्टही घेतलेले नसतात. तेव्हा खण पूर्ण बाहेर काढा आणि उलटा करा. त्याच्या तळाच्या फळीवर करवतीच्या खुणा दिसतात. सरळ, थोड्या कमीजास्त अंतरावरच्या रेषा असतील तर हाताची करवत. कमानीसारख्या वळलेल्या रेषा असतील तर यंत्राची गोल करवत. खणाच्या कोपऱ्यात दोन फळ्या दात्यांत दाते घालून बसवलेल्या असतील आणि ते दाते थोडे असमान असतील तर ते हातानं कापलेले.

इथे एक इशारा दिला पाहिजे. युरोपातली पुस्तकं हातकाम दिसलं की वस्तू शंभर-दीडशे वर्षांपूर्वीची मानायला सांगतात. आपल्याकडे हा हिशेब चालत नाही. हाताची करवत आणि पटाशी आपल्या सुताराच्या पिशवीतून कधी गेलीच नाही, त्यामुळे असमान दाते परवाचेही असू शकतात. स्क्रू मात्र खोटं कमी बोलतात. डोक्यावर अधिकाच्या चिन्हासारखी खाच असलेला स्क्रू हेन्री फिलिप्स या अमेरिकन माणसानं 1930च्या दशकात बाजारात आणला. ज्या टेबलाला पहिल्यापासून तोच स्क्रू आहे ते टेबल व्हिक्टोरिया राणीच्या काळातलं असणार नाही. आता स्क्रू नंतर बदललेला असू शकतो, हेही खरं. मग एक काढून भोक बघावं. त्यात आधीच्या जाड स्क्रूची वाट दिसते का?

पॉलिशची परीक्षा याहून सोपी आहे. जुन्या वस्तूंवर बहुधा लाखेचं पॉलिश असतं, म्हणजे एका इवल्याशा कीटकानं झाडाच्या फांदीवर सोडलेला राळेसारखा पदार्थ, स्पिरिटमध्ये विरघळवून कापडाच्या बोळ्यानं थरावर थर चढवलेला. (ग्रामोफोनच्या जुन्या तबकड्यांतही हीच लाख असे. बालगंधर्वांचा आवाज आणि दिवाणखान्यातल्या टेबलाची चकाकी एकाच किड्याच्या कृपेनं.) स्पिरिटमध्ये बुडवलेला कापूस न दिसणाऱ्या जागी टेकवला की लाख लगेच चिकट होते. हल्लीचं मेलामाइन किंवा पॉलियुरेथेन ढिम्म हलत नाही. दुकानदाराला विचारून करा, एवढंच.

पण सगळ्यात लांबची गोष्ट लाकडाची. ‘बर्मा टीक आहे साहेब’ हे वाक्य या बाजारात दर दहा पावलांवर कानावर पडतं आणि पुष्कळदा ते खोटं असतं. खरं असतं तेव्हा त्यामागे केवढा व्याप आहे बघा. ओलं सागवान इतकं जड असतं की पाण्यात बुडतं. म्हणून ब्रह्मदेशच्या जंगलात आधी झाडाच्या बुंध्याभोवती साल आणि बाहेरचं कोवळं लाकूड कापून एक कडं काढत. झाड उभ्याउभ्या मरे आणि दोन-तीन वर्षं तसंच उभं राहून वाळे. मग तोड. मग हत्ती ते ओंडके ओढ्यापर्यंत ओढून नेत, पावसाळ्यात ओढा फुगला की ओंडके तरंगत मोठ्या नदीला लागत आणि इरावतीतून रंगूनला पोचत. एखाद्या वर्षी पाऊस कमी झाला की ओंडके वाटेतच अडकत आणि पुढच्या पावसाची वाट बघत पडून राहत. तिथून बोटीनं मुंबई. म्हणजे आरामखुर्चीचा हात व्हायच्या आधी त्या लाकडाला झाडावरून गोदीपर्यंत यायलाच कित्येक वर्षं लागलेली असत.

या व्यापारातलं मोठं नाव होतं बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन, 1863 साली स्थापन झालेली. 1885 मध्ये ब्रह्मदेशच्या राजाच्या मंडालेतल्या दरबारानं, ओंडके कमी दाखवून महसूल बुडवल्याचा ठपका ठेवून, या कंपनीला जबर दंड ठोठावला. इंग्रजांना निमित्तच हवं होतं. त्याच वर्षी युद्ध झालं, दोनेक आठवड्यांत मंडाले पडलं आणि थिबा राजाची रवानगी झाली ती शेवटी आपल्या रत्नागिरीला. तिथला थिबा पॅलेस 1910 मध्ये बांधून झाला आणि 1916 मध्ये राजा रत्नागिरीतच वारला. सागवानाच्या हिशेबावरून राज्य गेलं आणि राजा कोकणात आला, हे डोक्यात ठेवून एखाद्या जुन्या आरामखुर्चीत बसून बघा.

आता गंमत अशी की हे बर्मा टीक बाजारात येतं ते नेहमीच फर्निचरच्या रूपानं येत नाही. जुनी चाळ किंवा वाडा पाडला की त्याच्या तुळया, वासे आणि जिन्याच्या पायऱ्या लाकूडवाल्याकडे जातात आणि त्यातून नवं ‘अँटिक’ टेबल तयार होतं. लाकूड शंभर वर्षांचं, टेबल दोन महिन्यांचं. ते ओळखायचं ते बुजवलेल्या भोकांवरून. जिथे टेबलाला खिळ्याचं काही काम नाही अशा मधल्याच जागी भोक असतं, भोवती लोखंडाचा काळा डाग असतो आणि वर भुश्याची लांबी भरलेली असते. दुकानदारानं तसं सांगून विकलं तर यात फसवणूक काही नाही. मला तर असं टेबल आवडतं. फक्त त्याची किंमत जुन्या टेबलाची द्यायची नाही.

खुर्च्यांत मला सगळ्यात थक्क करते ती इराणी हॉटेलातली, वाकवलेल्या लाकडाची. तिचं मूळ घराणं व्हिएन्नाचं. मिशाएल थोनेट या सुतारानं बीचच्या लाकडाच्या दांड्या वाफेनं मऊ करून वाकवायचं तंत्र बसवलं. वाकवताना दांडीची बाहेरची बाजू ताणली जाऊन चिरफळते, कारण वाफेनं मऊ झालेलं लाकूड दाब सोसतं पण ताण फारसा सोसत नाही. म्हणून थोनेटनं बाहेरच्या बाजूनं पोलादी पट्टी आवळली. पट्टी बाहेरची बाजू ताणू देत नाही, त्यामुळे सगळं लाकूड आतल्या बाजूनं दबत वळतं. 1859 साली आलेली त्याची 14 नंबरची खुर्ची म्हणजे लाकडाचे सहा तुकडे, दहा स्क्रू आणि दोन नट. सरस नाही, कोरीव सांधा नाही. सुट्या केलेल्या छत्तीस खुर्च्या एक घनमीटरच्या खोक्यात मावत आणि जहाजानं जगभर जात. 1869 मध्ये पेटंट संपल्यावर जेकब अँड जोसेफ कोन यांच्यासारखे प्रतिस्पर्धी आले आणि पुढे नकलांना सुमार राहिला नाही. म्हणून बाजारात अशी खुर्ची दिसली की ती उलटी करायची. बैठकीच्या गोल कड्याच्या आतल्या बाजूला ठसा किंवा कागदी चिठ्ठीचा अवशेष शोधायचा. ठसा नसला तरी लाकडाचे तंतू वळणाबरोबर वळलेत का ते बघता येतं. फळीतून कापून काढलेल्या नकली कमानीत तंतू सरळ जातात आणि वळणाच्या कडेला तुटतात.

स्वस्तात मिळण्याचा कळस मात्र चंदीगडनं गाठला. ल कोर्बुझिएचा चुलतभाऊ पिएर जानरे यानं 1950च्या दशकात तिथल्या कचेऱ्यांसाठी आणि विद्यापीठासाठी सागवान आणि वेताच्या साध्या, मजबूत खुर्च्या करून घेतल्या. पुढे त्या मोडल्या, अंगणात आणि गच्च्यांवर ढीग लागले, सरकारी लिलावात भंगाराच्या भावानं गेल्या. युरोपातल्या व्यापाऱ्यांनी त्या उचलल्या, दुरुस्त केल्या, आणि पॅरिस-लंडन-न्यूयॉर्कच्या लिलावांत त्यांना लाखोंचे भाव आले. 2011 मध्ये केंद्र सरकारनं अशा फर्निचरच्या विक्रीवर बंदी घातली, तोवर बरंचसं निघून गेलं होतं. खुर्चीच्या पाठीवर रंगवलेलं खात्याचं नाव आणि क्रमांक, ज्याला कारकून वैतागत असतील, तोच तिचा जन्मदाखला ठरला. आता ते क्रमांकही नकली रंगवले जातात. (शंभर वर्षांहून जुन्या वस्तूंसाठी वेगळाच कायदा आहे, 1972चा. त्या परवानगीशिवाय देशाबाहेर नेता येत नाहीत. परदेशातल्या लेकीला पणजीचा पेटारा पाठवायचा बेत असेल तर आधी चौकशी करा.)

लिलावातले भाव विसरा. आपल्या खिशाला परवडणारा सौदा नेमका कुठे असतो? ज्या दोषामुळे भाव पडतो पण जो दोष दुरुस्त होतो, तिथे. वेत फाटलेला असेल तर विणून मिळतो. हे काम आपल्याकडे कित्येक वर्षं अंध कारागीर करत आले आहेत, सरकारी कचेऱ्यांतून त्यासाठी खास पदं होती. अडकणारा खण पावसाळ्यानंतर आपोआप सुटतो किंवा मेण चोळल्यावर. बारीक भोकं दिसली तर खाली ताजा पांढरा भुसा पडलाय का बघा. पडला नसेल आणि भोकं फक्त कडेच्या फिकट लाकडात असतील तर किडा कधीच जेवून गेला, सागवानाचा गाभा त्याला मानवत नाही. मोडायला नको ते फक्त मुख्य सांध्यातलं लाकूड. तिथे चिरफळी असेल तर कोरीव काम कितीही सुंदर असो, पुढच्या दुकानात जावं.

आणि ऑइलपेंट. मध्यमवर्गीय घरांत एके काळी चांगल्या सागवानी कपाटांना हिरवा, राखाडी नाहीतर चॉकलेटी रंग फासायची लाट होती. असं कपाट दुकानाच्या अगदी मागे, गाद्यांच्या ढिगाशेजारी उभं असतं आणि त्याच्याकडे कुणी बघत नाही. त्याला हातानं थोडं हलवून वजनाचा अंदाज घ्या. खालचा खण काढा, कारण खणाच्या आतून रंग लावायचा कंटाळा सगळ्यांनीच केलेला असतो. तिथे सोनेरी-तपकिरी लाकूड आणि असमान दाते दिसले, तर आधी शेजारच्या आरशाचा भाव विचारा आणि कपाटाचा नंतर, जाता जाता.