बंद तारेत वीज येते कुठून?

खांबावरच्या उघड्या तारेकडे कितीही निरखून पाहा, तिच्यात वीज आहे की नाही हे डोळ्यांना कळत नाही. चालू तार आणि बंद तार अगदी सारखी दिसते. मग वर्धा जिल्ह्यातल्या कारंजा (घाडगे) भागात, संत्र्याच्या बागेवरून गेलेली ११,००० व्होल्टची तार मे महिन्याच्या वादळात तुटली, तर वायरमन तिला हात लावतो कुणाच्या भरवशावर?

काही किलोमीटर दूर, उपकेंद्रात बसलेल्या सहकाऱ्याच्या शब्दावर!

या शब्दाला 'परमिट' म्हणतात. उपकेंद्रातला हा सहकारी, म्हणजे ऑपरेटर, त्या लाईनचा फिडर बंद करतो, पुन्हा चालू होणार नाही असा बंदोबस्त करतो, वेळेसह नोंद करतो आणि मगच परमिट देतो. ज्यानं ते घेतलं, त्यानंच ते परत करायचं. तोवर गावातून कितीही फोन येवोत, ओलिताच्या मोटारी थांबलेल्या असोत, लाईन चालू होत नाही. 'चार वाजता आपोआप चालू करा' असंही ठरवता येत नाही. माणूस खाली उतरला की नाही, हे घड्याळाला कसं कळणार?

एवढा काटेकोरपणा कशासाठी? कारण विजेचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या जवळपास जातो. दहा किलोमीटरवरच्या खांबापर्यंत पोहोचायला तिला सेकंदाचा साधारण तीस हजारावा भाग पुरतो. 'अरे, थांब!' म्हणायलाही सवड नाही.

आता खरी गंमत पाहा. इतका पक्का शब्द मिळाल्यावरही वायरमन तार आधी टेस्टरनं तपासतो, मग डिस्चार्ज रॉडनं कामाच्या दोन्ही बाजूंना अर्थिंग करतो. सहकाऱ्यावर त्याचा पूर्ण विश्वास असतो. पण उपकेंद्रातून दिसणारच नाही अशा वाटेनंही वीज येऊ शकते!

तुमच्या गावातली डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, ११,००० व्होल्टचे ४३३ करते, म्हणजे दाब सुमारे पंचवीस पटींनी उतरवते. पण ट्रान्सफॉर्मरला दिशा नसते. लाईट गेल्यावर कुणी जनरेटर थेट घरच्या वायरिंगला जोडला, तर वीज उलटी डीपीत शिरते आणि तोच दाब तितक्याच पटींनी चढतो. घरातले २३० व्होल्ट खांबावर हजारोंमध्ये जातात. शेजारून चालू लाईन जात असेल, तर स्पर्श न होताही बंद तारेत दाब निर्माण होतो. आहे की नाही नवल?

म्हणून अर्थिंग, म्हणजे तार जमिनीशी जोडणं. शेतात पाट कापून दिला की पाणी बहुतेक तिकडेच वळतं, तशी चुकून आलेली वीज या सोप्या वाटेनं जमिनीत उतरते. दोन्ही बाजूंना का? संकट कुठल्या दिशेनं येईल, हे ठाऊक नसतं म्हणून!

या कामातली शिस्त म्हणजे तपासून घेतलेला विश्वास. ऑपरेटरचा शब्द, टेस्टरची खूण, अर्थिंगची तार. एक कडी निसटली तरी दुसरी जीव वाचवते. आणि शेवटची कडी आपल्या घरात आहे. जनरेटर जोडायचा तर चेंजओव्हर स्विच बसवाच, म्हणजे त्याची वीज खांबाकडे जाणारच नाही. वर चढलेला माणूस तुम्हाला ओळखतही नसेल, पण त्याचा जीव तुमच्याही हाती आहे.