वहीत होते, संगणकात राहून गेले

गेल्या दिवाळीत एका परिचित व्यापारी घरी वहीपूजनास जाण्याचा योग आला. पाटावर लाल कापडी बांधणीची नवी वही होती आणि तिच्या शेजारी लॅपटॉप. मुलाने लॅपटॉपच्या झाकणाला कुंकवाचे बोट लावले. वडिलांनी वहीच्या पहिल्या पानावर स्वस्तिक रेखून 'श्री' लिहिले. दोघांनी एकमेकांकडे पाहून किंचित स्मित केले. त्या स्मितामागे जवळजवळ वर्षभराचा अबोला होता, हे मला ठाऊक होते. तो मिटविण्यास माझाही थोडा हात लागला होता.

अबोल्याचे कारण जमीन नव्हते, वाटणीही नव्हती. दुकानाचा हिशेब वहीतून संगणकावर न्यावा की नाही, एवढेच ते कारण. आपल्यापैकी अनेकांच्या घरी हा प्रसंग या ना त्या रूपात घडून गेला असेल. अशा वेळी आपण चटकन दोन गट पाडतो. तरुण ते पुढारलेले आणि वृद्ध ते हट्टी. अडतीस वर्षे बँकेत काढल्यानंतर मला ही विभागणी खरी वाटत नाही. तिचे कारण सांगण्यासाठी थोडे मागे जावे लागेल.

आण्यांचे पैसे झाले तेव्हा

१ एप्रिल १९५७ रोजी आपल्या देशात दशमान नाणी सुरू झाली. माझा जन्म त्याच वर्षीचा. 'तू नव्या पैशांबरोबर आलास' असे वडील म्हणत. तोवर रुपयाचे १६ आणे, आण्याचे ४ पैसे आणि पैशाच्या ३ पै, म्हणजे रुपयाच्या १९२ पै असा हिशेब होता. आता रुपयाचे १०० नवे पैसे झाले. कागदावर हे सोपे होते. वडिलांच्या किराणा दुकानात मात्र रोज वाद होत. एक आणा म्हणजे सव्वासहा नवे पैसे. पाव पैशाचे नाणे नव्हते, म्हणून कोष्टकात एका आण्याचे ६, दोन आण्यांचे १२, तीन आण्यांचे १९ आणि चार आण्यांचे २५ नवे पैसे धरले होते. आण्याची वस्तू चार वेळा घेतली तर ग्राहकाचे २४ पैसे जात, चार वस्तू एकदम घेतल्या तर २५. त्या एका पैशापायी दुकानदार लबाड ठरे.

आमच्या दुकानातील वृद्ध दिवाणजींना पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दीडकी, औटकी सारे पाढे मुखोद्गत होते. गावातले लोक त्यांच्याकडून हिशेब तपासून घेत. नवी नाणी आल्यावर ते आधी आण्यांत बेरीज करीत आणि मग भिंतीवरचे कोष्टक पाहून ती पैशांत उतरवीत. पोरेसोरे हसत. साठीच्या माणसाला शाळकरी मुलासारखे कोष्टक पाहावे लागणे, हे त्यांचे खरे दुःख होते. नव्या पैशांशी त्यांचे वैर नव्हते. आयुष्यभराची हातोटी एका दिवसात निरुपयोगी ठरली, हे त्यांना सोसत नव्हते.

तरीही तो बदल पचला. याचे मोठे कारण असे, की जुनी आणि नवी नाणी काही वर्षे शेजारी शेजारी चालू दिली गेली. 'नवे पैसे' यातील 'नवे' हा शब्द १९६४ साली अधिकृतपणे गळाला. लोकांनी आपल्या परीनेही तडजोड केली. आणा गेला, पण 'सोळा आणे खरे' हा वाक्प्रचार आजही टिकून आहे. पूर्वीचा तोळा सुमारे ११.६६ ग्रॅमचा, मेट्रिक वजने आल्यावर सराफकट्ट्यावर १० ग्रॅमलाच तोळा म्हणू लागले. माप बदलले, नाव राहिले. परक्या गोष्टीला ओळखीचे नाव देऊन माणूस तिला घरात घेतो.

बँकेतला माझा विरोध

दिवाणजींना हसणाऱ्या पोरांमध्ये मीही होतो. त्यांची जागा पुढे माझ्याच वाट्याला येणार आहे, हे तेव्हा कळण्याचे कारण नव्हते.

१९७९ साली मी बँकेत लागलो, तेव्हा सारे लेजर हाताने लिहिले जाई. महिनाअखेरीस बॅलन्सिंग करताना फरक आला, की शाखेतले सारेजण रात्री उशिरापर्यंत बसत. फरकाच्या रकमेला नऊने पूर्ण भाग जात असेल, तर कोठेतरी अंकांची अदलाबदल झाली असण्याचा संभव असतो. ७२ चे २७ लिहिले गेले, की ४५ चा फरक पडतो. अशा खुणांवरून चूक हुडकण्यात माझा हात बसला होता. शेजारच्या शाखेतूनही मला बोलावणे येई. त्याचा मला अभिमान होता, हे आज मोकळेपणाने कबूल करतो.

१९८३ साली बँक व्यवस्थापने आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांच्या वापराविषयी करार झाला. पुढच्या वर्षी डॉ. सी. रंगराजन यांच्या अध्यक्षतेखालील समितीने बँकांच्या यांत्रिकीकरणाचा आराखडा मांडला. आमच्या शाखेत यंत्र यायला नव्वदचे दशक उजाडले. नोकऱ्या जातील ही सर्वांची भीती होती, तशी माझीही होती. पण त्याहून खोल बोच निराळी होती. बेरीज आता कधीच चुकणार नव्हती. मग माझी गरज कोणाला? कित्येक महिने मी यंत्रावरचे आकडे घरच्या वहीत हाताने पुन्हा मांडून पाहत असे, चूक सापडेल या आशेने.

चूक सापडली, पण बेरजेत नव्हे. एका खातेदाराची रक्कम त्याच आडनावाच्या दुसऱ्या खात्यात जमा झाली होती. खातेक्रमांकाचा एक अंक चुकला होता. बेरीज मात्र तंतोतंत जुळत होती. पूर्वी लेजर लिहिणारा कारकून खातेदाराला चेहऱ्याने ओळखे. 'याच्याकडे एवढी रोकड कोठून आली?' अशी शंका त्याच्या मनात आपोआप येई. हे काम त्याच्या कर्तव्यसूचीत कोठेही लिहिलेले नव्हते. म्हणूनच यंत्राला ते कोणी सांगितले नव्हते. त्यानंतर रोज संध्याकाळी व्हाउचर आणि नोंद ताडून पाहण्याचे काम व्यवस्थापकांनी माझ्याकडे सोपविले. माझी हातोटी नव्या जागी रुजू झाली आणि माझा विरोध कधी मावळला, ते मलाही कळले नाही.

बस्ता आणि तीस दिवस

आता त्या परिचित घराकडे वळतो. दक्षिण महाराष्ट्रातील एका तालुक्याच्या गावी त्यांचे कापडाचे दुकान आहे. आसपासच्या खेड्यांतील कुटुंबे तीन पिढ्यांपासून लग्नाचा बस्ता तेथेच बांधतात आणि उसाचे बिल हाती आले की पैसे देतात. मुलाने शिकून येताच संगणकप्रणाली बसविली. तीस दिवस उलटले, की थकबाकीदाराच्या मोबाइलवर आपोआप संदेश जाई.

एके दिवशी असा संदेश एका जुन्या ग्राहकाकडे गेला. त्याचे वडील वारल्याला बारा दिवस झाले होते. तो माणूस तिसऱ्या दिवशी दुकानात आला, उभ्याउभ्याच नोटा मोजून सारी रक्कम चुकती केली, पाण्याचा पेलाही न घेता निघून गेला आणि पुन्हा आला नाही. अण्णांनी, म्हणजे दुकानाच्या मालकांनी, त्या दिवसापासून संगणकाकडे पाहणे सोडले आणि मुलाशी बोलणेही.

मुलगा माझ्याकडे आला. म्हणाला, "काका, तुम्हीच अण्णांना समजवा. वही कायमची बंद केल्याखेरीज हे जमायचे नाही." मी म्हटले, "आधी मला वही पाहू दे."

दोन रविवार मी अण्णांच्या शेजारी बसून खतावणी वाचली. प्रत्येक खात्यासमोर बारीक अक्षरांत काहीतरी लिहिलेले होते. 'कारखान्याचे बिल आल्यावर.' 'धाकट्याचे शिक्षण, घाई नको.' 'गोड बोलतो, रोख घ्यावे.' कोणाला किती सवलत द्यावी आणि कोणाला उधारी देऊच नये, ही पन्नास वर्षांची समज त्या समासात साठली होती. नवी प्रणाली बसविताना रकमा तेवढ्या उतरविल्या गेल्या. समास कोणी वाचलाच नाही.

परंतु वहीची दुसरी बाजूही होती. जुन्या येण्यांची बेरीज कित्येक वर्षांत कोणी केली नव्हती. ती मी मांडली, तेव्हा अण्णा बराच वेळ गप्प राहिले. विकलेल्या मालाच्या येण्याला सर्वसाधारणपणे तीन वर्षांची कायदेशीर मुदत असते. ती उलटून गेलेली खाती त्यात बरीच होती. दुकान नफ्यात असूनही दरवर्षी बँकेची कॅश क्रेडिट मर्यादा का वाढवून घ्यावी लागते, या मुलाच्या प्रश्नाचे उत्तर तेथे होते. शेवटी अण्णा म्हणाले, "साहेब, माणसं सांभाळता सांभाळता आकडे माझ्या हातून निसटले." मुलगा दाराशी उभा होता. तो म्हणाला, "आणि आकडे सांभाळताना माणूस माझ्या हातून गेला, अण्णा." त्या घरात बऱ्याच महिन्यांनी झालेले ते पहिले संभाषण.

पुढे मार्ग अवघड नव्हता. रोज रात्री दुकान वाढविल्यावर अर्धा तास अण्णांनी खाते वाचावे आणि मुलाने त्यांचा शेरा संगणकात नोंदवावा, असे ठरले. प्रत्येक ग्राहकाची मुदत वेगळी लावली. उसावर अवलंबून असणाऱ्यांची उसाप्रमाणे. संदेश आपोआप जाणे बंद केले. यादी आधी अण्णा पाहतात, मगच संदेश जातो. हे काम गुढीपाडव्याला सुरू होऊन दिवाळीच्या तोंडावर संपले. दुरावलेल्या ग्राहकाच्या घरी बापलेक दोघेही जाऊन आले. तो पुन्हा दुकानात येईल की नाही, हे सांगता येत नाही. चहा मात्र त्याने दिला.

विरोध न करताही काही हरवते

जे बदल आपण निमूटपणे स्वीकारले, त्यांचाही हिशेब मांडावा. पर्युषणानंतर माझे वडील क्षमापनेची पोस्टकार्डे हाताने लिहीत. ज्याच्याशी वर्षभरात खटका उडाला असेल, त्याचे कार्ड लिहिताना त्यांचा हात थबकत असे. आज एकच सुबक चित्र क्षणात तीनशे जणांना जाते आणि ज्याची खरोखर क्षमा मागायची, तोही त्या तीनशेंत मिसळून जातो. मोबाइलला दोष देण्यात अर्थ नाही. हात थबकणे हेच त्या कार्डाचे खरे काम होते, हे कार्ड सोडताना आपल्या ध्यानात आले नाही, एवढेच. त्या एका माणसाला निदान फोन करावा.

घरोघरी काय करता येईल

तरुणांना माझी विनंती आहे, की वडीलधारे 'नको' म्हणाले तर 'का नको?' हे शांतपणे विचारावे आणि उत्तर लिहून ठेवावे. काही काळ जुने आणि नवे दोन्ही चालू ठेवावे. पण तो काळ किती, हे आधीच ठरवावे, नाहीतर दुहेरी काम अंगवळणी पडते. शिकविताना फोन त्यांच्या हातून काढून घेऊ नये. चुकत चुकत का होईना, त्यांनाच करू द्यावे.

माझ्या वयाच्या वाचकांना सांगणे असे, की भीती वाटत असेल तर तिला नेमका आकार द्यावा. मोबाइलवरून पैसे देण्याची मला धास्ती होती. मग मी वेगळे बचत खाते उघडून त्यात महिन्याच्या खर्चापुरतीच रक्कम ठेवू लागलो. जोखीम तेवढ्यावरच थांबली. पैसे स्वीकारण्यासाठी पिन कधीही टाकावा लागत नाही, एवढे एक सूत्र पाठ केले तरी अनेक फसवणुकी टळतात. दुर्दैवाने फसवणूक झालीच, तर लाजेपोटी लपवू नये. १९३० या क्रमांकावर विनाविलंब कळवावे आणि बँकेलाही सांगावे.

पुढची दिवाळी येईल, तेव्हा वहीची जागा कदाचित पूर्णपणे लॅपटॉपने घेतलेली असेल. तत्पूर्वी एक संध्याकाळ काढून घरातील वडीलधाऱ्यांच्या शेजारी बसावे आणि जुनी वही उघडून त्यांना विचारावे, 'यात असे काय आहे, जे आमच्या संगणकात नाही?' ते सांगतील ते उतरवून घ्यावे. अण्णांच्या घरी ते उतरविण्यास सात महिने लागले. आपल्याकडे किती लागतील, हे वही उघडल्यावरच कळेल.