जेसल पार्कहून निघणाऱ्या रोड बाइकला कोणता टायर?

भाईंदर पूर्वेच्या जेसल पार्कहून रोड बाइकवर लांब जायचे असेल तर वाटा मुख्यतः दोन. एक नवघर रोडने गोल्डन नेस्टला, तिथून मीरा-भाईंदर रोडने काशिमीऱ्याला आणि पुढे महामार्गावर. फाउंटन हॉटेलच्या नाक्यावरून उजवीकडे वळले की घोडबंदर रोड, सरळ गेले की वर्सोवा पूल आणि खाडीपलीकडचा वसई तालुका. दुसरी वाट रेल्वे ओलांडून पश्चिमेला जाते आणि मुर्धा, राई, मोर्वा, डोंगरी करत उत्तनला पोहोचते. पंक्चर दोन्ही वाटांवर होते, पण कारणे वेगळी असतात, आणि टायर घेताना बहुतेकांकडून हीच गोष्ट निसटते. दुकानात जाऊन ‘पंक्चर होणार नाही असा टायर द्या’ म्हटले, की हातात सगळ्यात जाड आणि जड टायर पडतो. पुष्कळदा त्याची गरज नसते. कधी कधी तर जे टोचते आहे त्यावर त्या टायरचा उपाय चालतच नाही.

म्हणून खरेदीआधी आपली जुनी पंक्चर तपासावीत. त्यासाठी एक साधी सवय पुरते. टायर चढवताना त्यावरचे कंपनीचे नाव नेहमी व्हॉल्व्हच्या बरोबर समोर आणावे. पंक्चर झाले की ट्यूब काढून हवा भरावी, भोक शोधावे आणि व्हॉल्व्हपासूनच्या अंतरावरून टायरवरची तीच जागा गाठावी. मग टायरच्या आतून सुती फडके हलकेच फिरवावे, टोक असेल तिथे धागा अडकतो. नुसते बोट फिरवू नये, काच असली तर कापते. सापडलेली वस्तू चिमट्याने काढून नीट पाहावी. भोक ट्यूबच्या बाहेरच्या बाजूला एकच असेल तर काहीतरी टोचले आहे. शेजारी शेजारी दोन चिरा असतील तर खड्ड्याच्या कडेवर आपटून ट्यूब रिम आणि रस्ता यांच्यामध्ये चिमटली आहे. सायकलवाले त्याला स्नेकबाइट म्हणतात. भोक आतल्या, रिमकडच्या बाजूला असेल तर रिमची पट्टी सरकली आहे आणि स्पोकच्या भोकाची कड ट्यूबला लागते आहे. या शेवटच्या दोन प्रकारांत टायरचा पंक्चरविरोधी थर काहीही करू शकत नाही. एकाला हवा आणि रुंदी हवी, दुसऱ्याला नवी पट्टी.

आता टोचणाऱ्या वस्तू. महामार्गावर आणि घोडबंदर रोडवर सगळ्यात त्रास देते ती ट्रकच्या टायरमधली तार. रेडियल टायरच्या आत पोलादी तारांचे पट्टे असतात. टायर फुटला की त्याचे तुकडे कडेला पडतात, त्यांवरून चाके जाऊन जाऊन रबर सुटते आणि काही मिलिमीटर लांबीच्या, केसासारख्या बारीक तारा धुळीत मिसळतात. न्हावा-शेवा बंदर आणि गुजरात यांच्यामधली अवजड वाहतूक घोडबंदर रोडने जाते, त्यामुळे अशा तारांना तिथे तोटा नाही. सायकलवाल्याला कडेनेच जावे लागते आणि नेमकी तिथेच ती धूळ साचते.

गावातल्या रस्त्यांचा नमुना वेगळा. भाईंदर पूर्वेला स्टीलची भांडी बनवणारे छोटे गाळे अनेक आहेत. अशा गल्ल्यांमध्ये पत्र्याची धारदार कात्रणे पडलेली असू शकतात. मीरा-भाईंदर रोडवर मेट्रो ९ चे काम वर्षानुवर्षे चालले, शिवाय इमारतींची कामे आहेतच. तिथे सळया बांधायच्या तारेचे तुकडे आणि खिळे भेटतात. काच सगळीकडेच. उत्तनच्या रस्त्याला ट्रक कमी, पण खड्डे आणि गतिरोधक आहेत, म्हणजे तिथे स्नेकबाइटची धास्ती टोचण्याइतकीच.

तार आणि काच यांना टायर कसा अडवतो हे कळायला त्याचे थर माहीत हवेत. सगळ्यात आत धाग्यांचे कापड असते, त्याला केसिंग म्हणतात. त्याची वीण टीपीआय या आकड्याने सांगतात, म्हणजे एका इंचात किती धागे. ६० टीपीआयचे कापड जाड धाग्यांचे आणि दणकट, १२० चे बारीक धाग्यांचे, लवचीक आणि चालवायला हलके. या आकड्यात थोडी गल्लत होते, कारण काही कंपन्या एकावर एक आलेल्या थरांची बेरीज छापतात. ६० च्या तीन थरांचे १८० होतात. म्हणून नुसता मोठा आकडा पाहून भुलू नये. केसिंगच्या दोन्ही काठांना बीड, म्हणजे रिममध्ये अडकणारी कड. ती पोलादी तारेची असली तर टायर घडी होत नाही, अरामिडच्या धाग्याची असली तर होतो आणि वजनही थोडे वाचते. पंक्चरशी बीडचा संबंध नाही. केसिंगच्या वर, रस्त्याला लागणाऱ्या रबराच्या खाली, पंक्चर अडवणारा पट्टा असतो. आपण जास्तीचे पैसे मोजतो ते मुख्यतः त्यासाठी.

हा पट्टा दोन जातींचा. पहिला विणलेल्या कापडाचा. त्यात नायलॉन, अरामिड किंवा व्हेक्ट्रन वापरतात. अरामिडचे आपल्याला माहीत असलेले नाव केव्हलार. स्टेफनी क्वोलेक या रसायनशास्त्रज्ञ बाईंनी ड्यूपाँ कंपनीत १९६५ मध्ये लावलेला हा शोध, जो पुढे बुलेटप्रूफ जॅकेटांपर्यंत गेला. असे धागे सहज कापले जात नाहीत, त्यामुळे काचेची धार किंवा पत्र्याचे कात्रण यांना हा पट्टा चांगला रोखतो. बारीक तारेची गोष्ट निराळी. ती धागा कापतच नाही. गोणपाटातून दाभण जावे तशी दोन धाग्यांच्या मधून सरकते आणि चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला थोडी थोडी आत जाते.

तारेवर उपाय दुसऱ्या जातीचा पट्टा, म्हणजे लवचीक रबराचा जाड थर. तो तारेला थांबवत नाही, तिला पुरून उरतो. तार चार मिलिमीटरची आणि ट्यूबपर्यंतचे अंतर सहाचे, तर ती आत येऊनही ट्यूबला पोहोचत नाही. श्वाल्बे कंपनीच्या मॅरेथॉन प्लस टायरमध्ये असा पाच मिलिमीटरचा थर आहे, आणि पंक्चर टाळण्यात त्याच्या तोडीचे टायर फार थोडे. पण रोड बाइकवर चालेल त्या मापातही तो अर्ध्या किलोच्या वर जातो. कॉन्टिनेंटलचा ग्राँ प्री ५००० हा शर्यतीचा टायर २५ मिलिमीटर रुंदीत सव्वादोनशे ग्रॅमच्या आसपास असतो. वजनापेक्षाही रबराचा जाडपणा जास्त खटकतो. चाक फिरताना टायर दबतो आणि पुन्हा फुलतो, त्यात रबर जितके जास्त आणि ताठ तितकी पायांची ताकद उष्णतेत वाया जाते. रोज स्टेशन ते ऑफिस करणाऱ्याने मॅरेथॉन प्लस डोळे मिटून घ्यावा. दोनशे किलोमीटरच्या ब्रेव्हेला, म्हणजे मुदतीत पुरी करायच्या लांब राइडला, जिथे साडेतेरा तासांची मुदत असते, तिथे तो दिवसभर पायांना जाणवेल.

माझ्या मते महामार्ग आणि गाव दोन्ही करणाऱ्यासाठी मधला मार्ग बरा. कॉन्टिनेंटलचा ग्राँ प्री ४ सीझन घ्या. त्यात व्हेक्ट्रनचे दोन थर आहेत आणि कडांवरही संरक्षक जाळी आहे. त्याच कंपनीचा गेटरस्किन जास्त टिकतो, कडाही मजबूत असतात, पण ओल्या रस्त्यावर त्याची पकड कमी वाटते अशी अनेक सायकलवाल्यांची तक्रार आहे. आपल्याकडे चार महिने रस्ते ओले असतात, त्यामुळे ती मी हलक्यात घेणार नाही. नक्षीकडे मात्र लक्ष देऊ नये. मोटारीसारखा पाण्यावर तरंगण्याचा धोका सायकलच्या अरुंद टायरला या वेगात नसतो, आणि खोल खाचांमध्ये उलट खडे अडकतात. गुळगुळीत टायर पावसातही चालतो, फक्त त्याचे रबर चांगले हवे.

आता रुंदी. पट्ट्याइतकीच, माझ्या हिशेबी पट्ट्याहून जास्त महत्त्वाची. टायरच्या कडेवर २८-६२२ असे छापलेले असते. २८ ही रुंदी आणि ६२२ हा रिमवर बीड बसते तिथला व्यास, दोन्ही मिलिमीटरमध्ये. ७०० सी म्हणतात तो हाच. २३ किंवा २५ वरून २८ वर गेले की आतल्या हवेचा साठा वाढतो आणि त्यामुळे दाब उतरवता येतो. दाब कमी असलेला टायर काचेवर आला की थोडा दबतो, तिला पोटात घेतो आणि पुढे जातो. फुगवून दगड केलेला टायर त्याच काचेवर सगळा भार टाकून ती आत ठोकतो. दाब फार उतरवला तर खड्ड्यात स्नेकबाइट ठरलेला. सुमारे सत्तर किलोच्या माणसाने २८ च्या टायरमध्ये मागे ७५ ते ८०, पुढे ७० पीएसआयपासून सुरुवात करावी आणि वजनाप्रमाणे वर-खाली करावे. मागे जास्त, कारण शरीराचा जास्त भार मागच्या चाकावर असतो. कडेवर छापलेला आकडा कमाल मर्यादेचा असतो, तिथपर्यंत हवा भरायची नसते. अंगठ्याने दाबून अंदाज घेण्यात फसगत होते, दाब दाखवणारा पंप घ्यावाच. साध्या ब्यूटाइल ट्यूबमधूनही हवा हळूहळू जाते, म्हणून आठवड्यातून एकदा तरी तपासावी.

रुंद टायर घेण्याआधी फ्रेममध्ये जागा आहे का ते पाहावे. जुन्या रिम ब्रेकच्या सायकलींत २८ कधी मावतो, कधी नाही, आणि रुंद रिमवर २८ चा टायर प्रत्यक्षात तीसपर्यंत फुगतो. दोन्ही बाजूंना आणि वर निदान चार मिलिमीटर मोकळे राहायला हवेत, नाहीतर पावसातला चिखल अडकून फ्रेम घासली जाते. डिस्क ब्रेकची नवी सायकल असेल तर ३२ चा विचार जरूर करावा. उत्तनच्या रस्त्यावर हातांना लगेच फरक कळेल.

ट्यूबलेस घ्यावा का? तारेच्या बारीक भोकांवर त्यासारखा उपाय नाही, आत भरलेले सीलंट हे द्रव ते भोक धावता धावता बुजवते. पण सीलंट आपल्या उकाड्यात सुकते आणि दर दोन-तीन महिन्यांनी भरावे लागते. रिम ट्यूबलेसची हवी, आणि ती हुकलेस, म्हणजे बीड अडकवणारी कड नसलेली, असेल तर दाब ७२ पीएसआयच्या वर न्यायचा नाही व रिम कंपनीच्या यादीतलाच टायर बसवायचा. नियमित देखभाल करणाऱ्याने घ्यावा. महिन्यातून एकदा सायकल काढणाऱ्याला ट्यूबच सोयीची. टायर आणि ट्यूबच्या मध्ये घालायच्या पट्ट्या मिळतात, त्यांची टोके काही काळाने ट्यूबलाच घासून भोक पाडतात, म्हणून मी त्या सुचवत नाही.

टायर कोणताही असो, राइडवरून आल्यावर हवा थोडी उतरवून चाक फिरवत रबरावरच्या चिरा पाहाव्यात. काच किंवा तार बहुधा एका फेरीत ट्यूबपर्यंत जात नाही, ती रुतून बसते आणि पुढच्या राइडला काम करते. पावसाळ्यात हे रोज करावे, कारण ओले रबर सहज कापले जाते आणि पाणी सगळा कचरा कडेला आणून ठेवते. मागचा टायर लवकर झिजतो. तो मधोमध चपटा झाला, चिरा वाढल्या किंवा आतले धागे दिसू लागले की काढावा. त्या जागी पुढचा टायर मागे न्यावा आणि नवा पुढे चढवावा, कारण वळणावर पकड सुटली तर पुढचे चाक सावरता येत नाही. सॅडलखालच्या पिशवीत एक जादा ट्यूब, दोन लिव्हर, पॅच, सोल्यूशन आणि चिमटा ठेवावा. घोडबंदरच्या घाटात तार काढायला दुसरे काही उपयोगी पडत नाही.