जोशांचा वाढदिवस आणि संगणकाचा उंबरठा

भोपाळच्या मराठी वस्तीत जोशी हे आडनाव काही दुर्मिळ नव्हे. परंतु संगणकाच्या इतिहासात या आडनावाने मिळविलेली कीर्ती थोड्याच वाचकांस ठाऊक असेल. १९९० साली आपल्या देशात 'जोशी' नावाचा संगणक-विषाणू प्रथम आढळला. ५ जानेवारीस बाधित यंत्र अडून बसे आणि 'हॅपी बर्थडे जोशी' असे टंकण्याची आज्ञा पडद्यावर उमटे. आज्ञा पाळली, की यंत्र मुकाट्याने पुढे चाले!

थट्टा बाजूला ठेवली, तर त्याची युक्ती मोठी विलक्षण होती. यंत्रात फ्लॉपी विसरून कोणी ते सुरू केले, तर संगणक त्या चकतीचा पहिला कप्पा वाची आणि तेथे जे सापडेल त्याचे ऐके. ओळख विचारण्याची रीतच नव्हती. मुख्य प्रणाली जागी होण्यापूर्वीच विषाणू स्मृतीत ठाण मांडी. पुढे कोणी तो कप्पा तपासू गेले, तर मूळचा निर्दोष कप्पा पुढे करी. चोराने पहाऱ्याआधी घरात शिरून पहारेकऱ्याचाच पोशाख चढवावा, तसे हे!

२०१२ सालच्या विंडोज ८ पासून सर्वत्र रूढ झालेले 'सिक्युअर बूट' नेमके येथेच आडवे येते. दाखल्यावरील सही-शिक्का पाहिल्यावाचून आम्ही विद्यार्थ्यास वर्गात बसवीत नाही. तद्वत मान्य स्वाक्षरी नसलेल्या आज्ञावलीस यंत्र आरंभीच अडविते. ही सोय कोणाच्या सांगण्यावरून बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे.

तिच्या जोडीस 'टीपीएम' नावाची चिप असते. २०२१ च्या विंडोज ११ ने ती आवश्यकच ठरविली. चकतीवरील मजकूर कुलूपबंद असेल, तर त्याची किल्ली ही चिप सांभाळते. आणि आरंभीच्या व्यवस्थेत बदल दिसला, की किल्ली देत नाही. मग ४८ अंकी 'रिकव्हरी की' मागितली जाते. अनेक नव्या लॅपटॉपांत हे कुलूप मालकाच्या नकळत लागलेले असते आणि ते अंक मायक्रोसॉफ्टच्या खात्यात जमा असतात. ते खाते पुण्याच्या चिरंजीवांनी किंवा दुकानदाराने उघडलेले! दुरुस्तीत मदरबोर्ड बदलला आणि अंक मिळाले नाहीत, तर लग्नमुंजींची छायाचित्रे कोणताही कारागीर परत मिळवून देऊ शकत नाही.

तेव्हा यंत्र दुरुस्तीस धाडण्यापूर्वी खाते कोणाच्या नावे आहे ते विचारावे, ते अंक कागदावर उतरवून घ्यावेत आणि तो कागद बँकेच्या पासबुकांत ठेवावा; लॅपटॉपच्या पिशवीत मात्र नव्हे.